आईच्या वाट्याचा हत्ती

आमच्या आईला हत्तीवर बसायचं होतं आणि हत्ती नाहीसा झाला. गोष्ट एवढीच आहे. पण मी एवढ्यावर थांबले तर माझी तब्येत बिघडली असं समजून माणसं फळं घेऊन भेटायला येतील, म्हणून जरा ऐसपैस सांगते.

पहिलं म्हणजे, तो हत्ती नव्हता.

बेंगळुरातून आनेकलकडे जाणारी बस शहर मागे टाकून नाचणीच्या शेतांत शिरायची, तिथे एका वळणावर निलगिरीच्या झाडांमागे पार्क होतं. त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं. फाटकावर ते इतक्या वळणावळणाच्या अक्षरांत रंगवलेलं होतं की वाचता वाचता बस पुढे निघून जायची. आम्ही नुसतं पार्क म्हणायचो. परीक्षा संपली की अण्णा आम्हाला तिथे न्यायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत वडिलांना अण्णा म्हणतात, थोरल्या भावाला अण्णा म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही अण्णाच म्हणतात. एक हाक मारली की तिघं वळून बघतात.

तर त्या पार्कात एक यंत्र होतं. मधोमध जाडजूड खांब, खांबाला लोखंडी हात, प्रत्येक हाताच्या टोकाला एक रंगवलेली वाटी आणि वाटीत दोन माणसं. यंत्र सुरू झालं की वाट्या आधी जमिनीलगत लाजत लाजत फिरायच्या. मग हात वर उचलले जायचे, निलगिरीच्या शेंड्यांच्याही वर, आणि तिथे पोचल्यावर वाट्या एकदम कलंडायच्या. त्या क्षणी आतला प्रत्येक जण आपापल्या कुलदैवताला हाक मारायचा. पाटीवर या यंत्राचं अंतराळाशी संबंध असलेलं काहीतरी नाव होतं, पण रांगेतल्या कुणी ते कधी वाचलं नाही. कारण खाली दांड्यापाशी चौकटीचा शर्ट घातलेला एक माणूस बसायचा आणि पत्र्याचा डबा बडवल्यासारख्या आवाजात माईकवरून ओरडायचा, ‘हत्ती, हत्ती, बेगा हत्ती.’

कानडीत याचा अर्थ, चढा, चढा, लवकर चढा. हे बेंगळुरात वाढलेल्या शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांना कळायचं, त्यांचं मराठी तर असं होतं की साताऱ्याच्या लग्नात लोक त्यांना तुम्ही तेलुगू का म्हणून विचारायचे. मला कळायचं, जरा मोठा झाल्यावर माझ्या धाकट्या भावालाही कळायला लागलं. कळायचं नाही ते फक्त आईला. ती लग्न होऊन साताऱ्याहून आली होती आणि कानडीशी तिने तीन शब्दांत तह केला होता. स्वल्प, साकु आणि बेडा. थोडं, पुरे आणि नको. दूधवाल्याला स्वल्प, भाजीवालीला साकु आणि उरलेल्या जगाला बेडा. या तीन शब्दांवर तिने आयुष्यभर संसार केला आणि कुठे अडली नाही.

अडली ती एवढ्या एकाच जागी. पहिल्यांदा पार्कात गेलो तेव्हा ती कठड्याजवळच्या सिमेंटच्या बाकावर बसली होती. ‘हत्ती, हत्ती’ ऐकलं तशी ती पदर सावरून उठली, भावाला तिने मांडीवरून बाकावर उभं केलं आणि म्हणाली, बघ हां, आता येईल. भाऊ बघत राहिला. आई बघत राहिली. यंत्र भरलं, फिरलं, उतरलं, पुन्हा भरलं. माणूस तर हत्ती हत्ती म्हणून घसा फोडतोय आणि हत्तीचा पत्ता नाही. शेवटी भावाने भोकाड पसरलं. अण्णांना काय घोटाळा झालाय ते कळलं, तेव्हा ते इतके हसले की कठडा धरून खाली बसले.

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या यंत्राचं नाव हत्ती पडलं. हत्तीवर बसू या. हत्तीला रांग आहे. हत्ती आज बंद आहे. पाहुण्यांसमोर आम्ही हे असं बोलायचो आणि पाहुण्यांना वाटायचं, यांच्याकडे ऐपत बरी दिसते.

आता बाकाचं सांगते, कारण आईचं सगळं पार्क त्या बाकावरच होतं. त्या काळी सामान ठेवायची सोय नव्हती. डबे, पाण्याच्या बाटल्या, स्वेटर, छत्री, सगळं बरोबर. त्यातून हत्तीवर चढताना चपला काढाव्या लागायच्या. वरून निसटलेली कुणाची तरी चप्पल कुणाच्या तरी सांबारभातात पडली होती म्हणे. त्यामुळे घरातल्या एकाला खाली राहावंच लागायचं, आणि तो एक कोण हे कुणी कधी ठरवलं नव्हतं तरी सगळ्या घरांत ठरलेलं होतं. बाकावर ओळीने आयाच आया. प्रत्येकीच्या पायाशी आपापल्या माणसांच्या चपलांचा ढीग. कानडी आया, तमिळ आया, एखादी आमची. एकमेकींची भाषा येत नसायची, पण एखादीला पाण्याला जायचं झालं तर ती शेजारणीला हाताने खूण करून जायची आणि शेजारीण दोन्ही ढिगांवर डोळा ठेवायची.

आम्ही भुताच्या घरात जायचो. आत काळा स्वेटर घातलेला एक माणूस अंधारात उभा असायचा आणि मानेला ओला कापूस लावायचा. एकदा माझा भाऊ आत असा काही किंचाळला की भूतच घाबरलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणालं, ‘अळबेडा मगू.’ रडू नको बाळा. आम्ही आरशांच्या खोलीत जायचो. तिथे एका आरशात अण्णा हंडा व्हायचे आणि दुसऱ्यात पळी, आणि दोन्ही आरशांसमोर ते तितक्याच गंभीरपणे भांग नीट करायचे. छोट्या आगगाडीत बसायचो. तिचा बोगदा इतका लहान होता की इंजिन बाहेर आलं तरी शेवटचा डबा आत शिरलेला नसायचा. आणि आई यातलं सगळं बाहेरून ओळखायची, दारातून निघणाऱ्या तोंडांवरून. भुताच्या घरातून बाया बाहेर आल्या की आधी केस नीट करतात आणि पुरुष आधी हसतात, हा शोध तिचा. आरशांच्या खोलीतून बाहेर आलेलं माणूस बायकोकडे जरा जास्तच निरखून बघतं, हाही तिचाच.

हत्तीवर मी आणि भाऊ एका वाटीत बसायचो आणि अण्णा पुढच्या वाटीत, कुणातरी अनोळखी माणसाबरोबर. उतरल्यावर अण्णा बाकाशी यायचे, चपला पायात सरकवायचे, आईने पुढे केलेलं पाणी प्यायचे आणि मग वरून काय दिसलं ते तिला सांगायचे. तो खरा खेळ. आज बन्नेरघट्ट्याचे डोंगर अगदी हाताशी आले होते. तळ्यावर एक जण बैल धूत होता, बैलाने त्यालाच धुतलं. लांब आपल्या गल्लीतली पाण्याची टाकी दिसली, तिच्यावर कुणीतरी पतंग उडवत होतं. पुढच्या वर्षी लग्नाची वरात दिसायची, किंवा नारळाच्या झाडावर चढलेला माणूस दिसायचा आणि त्याने अण्णांना हात केलेला असायचा. आई ऐकायची. मधे मधे ‘अस्सं?’ म्हणायची. मी शेजारी उभी राहून तोंड उघडं टाकून ऐकायची, जणू मी वर गेलेच नव्हते. माझी ही सांगायची खाज कुठून आली, हे आता कुणी विचारू नये.

आईने बसावं असं आम्ही म्हणायचो नाही असं नाही. दर खेपेला म्हणायचो. अण्णा म्हणायचे, आता तू जा, मी बसतो सामानाजवळ. आई म्हणायची, आत्ताच जेवलेय. आई म्हणायची, ही साडी नको, पुढच्या खेपेला सलवार घालून येईन. तिने उभ्या जन्मात सलवार घातली नव्हती. एकदा म्हणाली, मी हत्तीवर बसेन तर खऱ्या हत्तीवर. सगळे हसले आणि तेवढ्यात आमची पाळी आली.

एकदाच ती उठली. काय झालं होतं देव जाणे, पण तिने पिशव्या अण्णांच्या मांडीवर ठेवल्या, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. अण्णा आयांच्या ओळीत, पायाशी चपला घेऊन बसले. शेजारच्या तमिळ बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते आकसून बाकाच्या टोकाला गेले. आई पुढे पुढे सरकत पायऱ्यांपाशी पोचली. चौकटीच्या शर्टवाल्याने माईक उचलला, हत्ती म्हणाला, आणि माईकमधून फक्त ‘ह’ बाहेर आला. करंट गेला होता. त्या काळी तो रोज जायचा, सांगून कधीच जायचा नाही. आई पायऱ्यांशी उभी राहिली. रांग पांगली तरी उभी राहिली. वाट्या वाऱ्याने नुसत्या करकरत होत्या. मग आमची बस चुकेल म्हणून अण्णांनी हाक मारली. ती आली, पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाली, चला, उशीर झाला.

पुढचं सगळ्यांच्या घरी होतं तसंच. आम्ही मोठे झालो, पार्कात मैत्रिणींबरोबर जाऊ लागलो, मग तेही सुटलं. मुलांशिवाय दोघांनीच पार्कात जायचं असतं, हे अण्णांना आणि आईला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांना सुचलंही नाही. भाऊ नोकरीला दुबईला गेला. अण्णा गेले. आई माझ्याकडे जे. पी. नगरला राहायला आली. तिचे गुडघे गेले.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, आता वाट बघण्यात अर्थ नाही. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘आधी हत्ती, मग गुडघे.’

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मग मी काय, मला तर निमित्तच हवं असतं. मी खुर्ची मागे सारली आणि सगळी गोष्ट साभिनय सांगितली. चौकटीचा शर्ट केला, भावाचं भोकाड केलं, कठडा धरून बसलेले अण्णा केले. डॉक्टर हसून लाल झाले. बाहेरची नर्स आत डोकावली. आई हसली नाही. माझं संपल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली की अजून आधार घेऊन चारदोन पायऱ्या जमतात, नंतर जमतील की नाही ठाऊक नाही, म्हणून आधी.

गाडीत मी तिला विचारलं की आत्ताच हे कुठून आलं. ती म्हणाली, आत्ता कुठे, मनात आहेच. मी मनाशी ठरवून टाकलं की हे अण्णांसाठी आहे. त्यांची आठवण म्हणून एकदा तिथे बसायचं असेल. आणि एकदा असं ठरवल्यावर मी त्या दिवसाचा अख्खा प्रयोग डोक्यात बसवला. कोणती साडी, वाटीत मी तिच्या कुठल्या बाजूला बसायचं, वर गेल्यावर तिचा हात केव्हा धरायचा. पार्क चालू आहे का तेवढं मोबाइलवर पाहिलं. चालू होतं. फोटोंमध्ये सगळ्या पाण्याच्या घसरगुंड्याच होत्या, पण मला वाटलं, जुन्या गोष्टींचे कोण फोटो टाकतो.

आठवड्याच्या मधल्या एका वारी टॅक्सीने गेलो. नाचणीच्या शेतांच्या जागी आता उंच इमारती आहेत आणि त्यांना सगळ्यांना तळ्यांची आणि कुरणांची नावं आहेत. फाटक नवीन होतं. आत शिरताना आमच्या मनगटांना कागदी पट्टे बांधले. आई हात पुढे करून म्हणाली, ऑपरेशन इथेच करतात की काय.

फाटकाच्या आत डाव्या हाताला लॉकर होते. निळ्या पत्र्याच्या कप्प्यांची भिंतच्या भिंत, प्रत्येकाला किल्ली. मी तिची पिशवी घेऊन आत ठेवली, कप्पा बंद केला, किल्लीचा पट्टा तिच्या हातात अडकवला. आईने मला तो परत उघडायला लावला. आत वाकून बघितलं, कप्पा किती खोल आहे ते हात घालून बघितलं. मग तिने स्वतः तो बंद केला आणि पत्र्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली.

‘बरं केलंय हे,’ ती म्हणाली.

मला त्यावर काही बोलता आलं नाही. मला. ओळखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. पुढे चालताना मी पाहिलं, तिचे दोन्ही हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते तिला समजत नव्हतं. कधी ती ते मागे बांधत होती, कधी पदराचं टोक धरत होती.

भुताचं घर होतं तिथे आता स्वच्छतागृह झालंय. आत जाऊन आलेल्या बायका केस नीट करतच बाहेर येत होत्या, हे आईनेच मला दाखवलं. आरशांची खोली गेली होती. त्या जागी कुणीतरी मोठ्या आवाजात गाणी लावली होती आणि ओल्या कपड्यांतली कॉलेजची मुलं नाचत होती. आगगाडीच्या बोगद्यात झाडांना पाणी द्यायचे पाइप गुंडाळून ठेवले होते. बोगदा मला आठवत होता त्याहूनही लहान निघाला. प्रत्येक ठिकाणी आई थांबायची, बघायची आणि पुढे निघायची. या कशासाठी ती आलेलीच नव्हती.

हत्ती मला सापडेना. निलगिरीची झाडं तोडलेली होती, त्यामुळे दिशाच कळत नव्हती. एका वळणावर सुरक्षेची एक मुलगी उभी होती, बहुतेक पार ईशान्येकडची. घाईघाईत मी तिला हिंदीत विचारायला गेले आणि माझ्या तोंडून आमच्या घरातलाच शब्द बाहेर पडला. मी म्हटलं, हाथी किधर है?

तिने मनापासून विचार केला आणि म्हणाली, ‘हाथी नहीं है मॅडम. डायनासोर है.’

तिने दाखवलं तिकडे खरंच फायबरचा एक डायनासोर होता आणि ठरावीक वेळाने मान हलवत होता. दुसरा कुठला दिवस असता तर या एका वाक्यावर मी महिनाभर जेवले असते. पण आईने माझ्या दंडाला धरलेलं होतं आणि तिचा हात हळूहळू जड होत चालला होता.

शेवटी उसाच्या रसाच्या गाड्यावर एक वयस्क माणूस भेटला. त्याला कानडीत नीट वर्णन करून विचारलं. तो हसला, म्हणाला, ते होय? कोविडमध्ये पार्क बंद होतं ना, तेव्हा सगळं गंजलं. उघडायच्या आधी होसकोटेच्या भंगारवाल्याची लॉरी आली होती, तिच्यातून नेलं. खांब कापायलाच फार वेळ लागला. मग त्याने हातातल्या पेल्याने पलीकडे दाखवलं. तिथे खाण्याच्या टेबलांची गर्दी होती. आई त्याचं सगळं बोलणं ऐकत होती. कानडी तिला कळत नाही असं आम्ही चाळीस वर्षं धरून चाललो होतो, पण मी सांगायला तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, कळलं मला.

तरीही ती तिकडे गेली. टेबलांखाली सिमेंटचा मोठा गोल चौथरा होता, तोच. मधोमध, जिथे खांब होता, तिथे फरशीचा रंग वेगळा होता. चौथऱ्याच्या दोन पायऱ्या ती माझ्या आधाराने चढली आणि एका रिकाम्या खुर्चीवर बसली. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब गोबी मंचूरियन खात होतं. मी रसाचे दोन पेले आणले. मी म्हणाले की आई, आपण दुसऱ्या कशावर तरी बसू, अण्णांना तेही आवडलं असतं. माझ्या प्रयोगातली वाक्यं होती ती, तशीच शिल्लक पडलेली.

‘अण्णांचं काय मधेच?’ आई म्हणाली. ‘ते डोळे मिटून बसायचे.’

मला कळेना. तिने कळेल असं सांगितलं. वाटी वर गेली की खालून माणसाचे फक्त तळवे दिसतात. तिच्या बाकावरून तिला सगळ्यांचे तळवे दिसायचे, आणि अण्णांच्या पायांची बोटं अशी आवळलेली असायची. तिने मूठ घट्ट वळून दाखवली. मग वाटी बाकाच्या बाजूला कलंडायची तेव्हा क्षणभर तोंड दिसायचं. डोळे गच्च मिटलेले, ओठ हलतायत. पहिल्या दिवसापासून. दर वर्षी.

‘मग बैल?’ मी म्हणाले. ‘टाकीवरचा पतंग?’

‘खाली उतरेपर्यंत जुळवायचे,’ ती म्हणाली. ‘छान जुळवायचे. मी कशाला बोलू? बिचारे माझ्यासाठी वर जायचे आणि माझ्यासाठीच खाली यायचे.’

ती रस प्याली. पेला खाली ठेवला. तिला एवढंच हवं होतं, ती म्हणाली, की एकदा आपण वर जावं आणि तिथून खरंच काय दिसतं ते आपल्या डोळ्यांनी बघावं. इतकी वर्षं ऐकलं, त्यातलं एक तरी आहे का तिथे. डोंगर आहेत का. तळं तरी आहे का.

‘तू तर बसायचीस,’ ती म्हणाली. ‘काय दिसायचं गं?’

मी सांगायला सुरुवात केली. डोंगर, मी म्हणाले, आणि तळं. तळ्यावर एक माणूस. आणि मी थांबले, कारण मला ऐकू आलं की हे सगळं अण्णांचं आहे. मी डोळे मिटले, वाटीत बसले, भावाचा चिकट हात धरला, वर गेले, आणि वर जे दिसलं ते सगळं अण्णांच्या आवाजात होतं. माझं स्वतःचं पाहिलेलं त्याच्याखाली कुठेच सापडलं नाही. जन्मभर मी माणसांना न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या सांगत आले आणि हिला एक खरी गोष्ट हवी होती, तर माझ्याजवळ एकही नव्हती.

‘मला आठवत नाही, आई,’ मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग म्हणाली, त्याला विचार. 

मी दुबईला फोन लावला. भाऊ ऑफिसात होता; घाबरलाच, कारण भलत्या वेळी माझा फोन म्हणजे त्याला दवाखानाच आठवतो. मी त्याला कुठे बसलोय ते सांगितलं, हत्ती गेल्याचं सांगितलं, आणि फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. आईने त्याला विचारलं की बाबा रे, वरून काय दिसायचं ते तुला आठवतं का.

त्याच्या मागे कुणीतरी छपाईचं यंत्र चालवत होतं.

‘तू,’ तो म्हणाला. ‘मी दुसरीकडे कुठे बघायचोच नाही. अक्का आणि अण्णा वर, मी वर, आणि तू खाली एकटी. गर्दीत तू हरवशील असं वाटायचं. मग वाटी फिरली की मी मान वळवून आधी बाक शोधायचो. तू असायचीस. पिवळी पिशवी घेऊन.’

माझे डोळे भरून आले. मी आईकडे बघितलं. मला वाटलं की आता इथे सगळं जुळलं. माझ्या हातात असतं तर मी गोष्ट इथेच थांबवली असती, पडदा पाडला असता आणि वर दिवे लावले असते. आई फोनकडे बघत होती. तिने त्याला विचारलं, जेवलास का. तो म्हणाला, अजून नाही. वेळेवर जेव, ती म्हणाली, आणि फोन ठेवायला मला खूण केली.

मग म्हणाली, ‘मी होते ते मला माहीत आहे. मला बाकीचं बघायचं होतं.’

ती रागावलेली नव्हती. लॉकर बघून ‘बरं केलंय’ म्हणाली होती त्याच आवाजात म्हणाली. खुर्चीत जरा मागे सरकून तिने मान वर केली. वाट्या जिथून फिरायच्या ती उंची ती अचूक ओळखत असणार. इतकी वर्षं तिने खालून तीच तर पाहिली होती. तिची नजर त्या उंचीवर गेली आणि हळूहळू गोल फिरू लागली, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, मग परत. मीही वर पाहिलं. उन्हाने पांढरं पडलेलं आकाश होतं.

शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ काटा हातात धरून आमच्याकडे बघत होता. आईची मान फिरते आहे हे पाहून त्यानेही वर पाहिलं. मग त्याच्या बायकोने पाहिलं. मग पोरांनी, त्यांच्यामागच्या टेबलावरच्या कॉलेजच्या मुलांनी, ट्रे घेऊन निघालेल्या वेटरने. बघता बघता त्या चौथऱ्यावरची सगळी माणसं खाणं थांबवून वर बघत होती आणि विमान आहे की पक्षी ते शोधत होती.

‘एनु इदे अज्जी?’ गृहस्थाने विचारलं. काय आहे आजी?

आईने मान खाली घेतली. तिच्या तीन शब्दांत न बसणारं उत्तर होतं, तरी ते तिला आलं.

‘एनिल्ला,’ ती म्हणाली. काही नाही.